होमवर्क झेपेल असं प्रायव्हेट हायस्कूल कसं शोधायचं

मूल हायस्कूलच्या वयाला आलं की घरात शाळा शोधणं सुरू होतं, रिझल्ट बघून होतात, फी बघून होते, ग्राउंड लॅब लायब्ररी सगळं फिरून होतं, पण शाळा सुटल्यावर घरी येऊन रोज किती तास वह्या उघडून बसावं लागणार हे बरेच जण विचारतच नाहीत. विचारलं तरी "होमवर्क किती असतो" एवढंच विचारतात, समोरून "आमच्याकडे बॅलन्स्ड असतो" असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. पुढची चार वर्षं त्या मुलाची प्रत्येक संध्याकाळ कशी जाणार हे ज्यावर ठरतं ती गोष्ट आपण एका वाक्यावर सोडून देतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. पहिल्यांदाच प्रायव्हेट शाळांच्या ॲडमिशनमध्ये उतरलेल्या आईवडिलांसाठी आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जास्त होमवर्क देणारा एखादा कडक टीचर असतो आणि त्याच्यामुळे लोड वाढतो असं सहसा नसतं. सहा विषय असतात, सहा टीचर असतात, प्रत्येकजण "फक्त अर्धा तासाचं काम आहे" म्हणून देतो आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबरच असतं, पण मुलाच्या टेबलावर मात्र तीन तास येऊन पडतात. ही बेरीज शाळेत कोणीतरी बघतंय का, हाच खरा प्रश्न आहे. शाळा निवडताना मी सगळ्यात जास्त वजन यालाच देते आणि खाली जे काही सांगितलंय ते फिरून फिरून याच प्रश्नाकडे येतं.

पहिली स्टेप: घरी बसून आपल्या संध्याकाळचा हिशोब

शाळेच्या वेबसाइटवर जायच्या आधी कागद घ्या. झोपेपासून सुरुवात करा, उरलेल्या वेळात झोप बसवायची नाही, आधी झोप कापून बाजूला ठेवायची. १३ ते १८ वयाच्या मुलांना २४ तासांत ८ ते १० तास झोप लागते असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलंय. म्हणजे सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर रात्री दहा-साडेदहा ही शेवटची वेळ, त्याच्यापुढे ढकलता येत नाही.

समजा शाळा तीनला सुटते, खेळाची प्रॅक्टिस साडेचारपर्यंत, घरी यायला पाऊण तास, म्हणजे सव्वापाच. तिथून दहापर्यंत पावणेपाच तास दिसतात आणि आपल्याला वाटतं बक्कळ वेळ आहे. पण त्यातून आंघोळ, जेवण, जरा टेकणं याला दीड तास जातो, झोपायच्या आधी पुस्तकं स्क्रीन बंद करायला अर्धा तास हवा, म्हणजे उरले पावणेतीन तास आणि तेही घरातलं एकही काम नाही, कोणाशी गप्पा नाहीत, कंटाळा आला म्हणून नुसतं बसणं नाही असं धरून. दुसरी शाळा घरापासून सव्वा तासावर असेल तर हाच आकडा सव्वादोन तासांवर येतो. म्हणून प्रवास आणि होमवर्क वेगळे बघू नका, दोन्ही एकाच वेळेतून जातात. लांबची शाळा कमी होमवर्क देत असेल तरी जवळच्या शाळेपेक्षा जड पडू शकते.

सकाळची वेळ पण बघा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ पासून सांगितलंय की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू होऊ नयेत, कारण या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं आणि मुलांना रात्री लवकर झोप येत नाही, तो आळस नसतो. प्रायव्हेट शाळांना टायमिंग ठरवायचं बऱ्यापैकी स्वातंत्र्य असतं, तेव्हा शाळांची तुलना करताना सुरू व्हायची वेळ जरूर लिहून ठेवा.

मग "झेपेल एवढं" म्हणजे किती

अंदाजाला एक जुना नियम आहे, इयत्ता गुणिले दहा मिनिटं, सगळे विषय मिळून. म्हणजे नववीला ९० मिनिटं, बारावीला २ तास. होमवर्कवर वर्षानुवर्षं काम केलेले ड्यूक युनिव्हर्सिटीचे हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्याचा सूर पण साधारण असाच होता की हायस्कूलमध्ये होमवर्कचा फायदा दिसतो, पण दीड-दोन तासांच्या पुढे गेलं की फायदा वाढत जात नाही.

प्रत्यक्षात शाळा कुठे असतात? ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेचा पिसा नावाचा शाळकरी मुलांचा आंतरराष्ट्रीय सर्व्हे असतो, २०१२ च्या त्या सर्व्हेत १५ वर्षांची मुलं सरासरी आठवड्याला ४.९ तास होमवर्क करत होती, शांघायमध्ये १३.८ तास आणि फिनलंडमध्ये ३ तासांपेक्षाही कमी. आणि नावाजलेल्या शाळांचं चित्र हवं असेल तर २०१३ चा स्टॅनफर्डच्या संशोधकांचा अभ्यास आहे, कॅलिफोर्नियातल्या १० हाय-परफॉर्मिंग हायस्कूलमधली ४,३१७ मुलं, रोजची सरासरी ३.१ तास, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी ताणाचं मुख्य कारण म्हणून होमवर्कचंच नाव घेतलं. म्हणजे नाव मोठं असलेल्या शाळेत तीन तास ही काही विचित्र गोष्ट नाही, तिथे ते नॉर्मल समजलं जातं आणि आपण ते धरूनच चालायचं.

हे आकडे झाले सरासरीचे. तुमच्या मुलाचा आकडा वेगळा असणार आणि तो काढणं सोपं आहे. पुढच्या इयत्तेच्या लेव्हलचा एखादा धडा द्या, त्याखालचे प्रश्न सोडवायला सांगा, पाच-सहा गणितं द्या, एक पानभर लिहायला द्या, आणि शेजारी घाई न करता घड्याळ लावून ठेवा. बडबड नाही, परीक्षेचं वातावरण नाही. एकच काम एक मूल २५ मिनिटांत संपवतं, दुसरं ५० मिनिटं घेतं, आणि दोघंही हुशार असू शकतात, सावकाश वाचणारं मूल कमी हुशार नसतं. शाळा जेव्हा "अर्धा तास" म्हणते तेव्हा तो टीचरचा अंदाज असतो, त्याला आपल्या मुलाच्या वेगाने गुणायचं. डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं) असेल तर हा गुणाकार फारच महत्त्वाचा, त्याबद्दल खाली वेगळं सांगते.

दुसरी स्टेप: शाळेचे कागद वाचणं

ब्रोशर नको, त्यात फोटो असतात. हँडबुक मागा, कोर्स कॅटलॉग मागा, टाइमटेबल मागा, मागच्या वर्षाचं परीक्षांचं कॅलेंडर मागा. बहुतेक शाळा देतात, आणि साधं टाइमटेबल द्यायलाच शाळा का कू करत असेल तर तेही लक्षात ठेवा.

टाइमटेबलमध्ये काय बघायचं, तर रोज सगळे विषय आहेत का ब्लॉक शेड्यूल आहे. ब्लॉकमध्ये एका दिवशी तीन-चारच विषय असतात, तास मोठे असतात आणि आज दिलेलं काम परवा द्यायचं असतं, त्यामुळे एक संध्याकाळ बिघडली तरी दुसरी हातात असते. पण काही ठिकाणी तास डबल म्हणून होमवर्क पण डबल करतात, तेव्हा नुसतं ब्लॉक आहे ऐकून खूश व्हायचं नाही. दुसरं म्हणजे शाळेच्या वेळेतच स्टडी हॉल किंवा ट्युटोरियलचा तास आहे का, आणि त्या वेळी टीचर भेटतात का. दिवसाला ४० मिनिटांचा असा तास खरोखर मिळत असेल तर आठवड्याला तीन तासांच्या वर काम शाळेतच उरकतं, आणि अडलेलं विचारायला माणूस समोर असतो हे त्याहून मोलाचं. मात्र तो तास मॅचेस, असेंब्ली, राहिलेल्या टेस्ट यांनी खाल्ला जातो का हे मुलांनाच विचारायला लागतं, कागदावर ते दिसत नाही.

हँडबुकमध्ये होमवर्क पॉलिसी शोधा आणि त्यात आकडा आहे का बघा. "अर्थपूर्ण आणि योग्य प्रमाणात होमवर्क" या वाक्याला काही अर्थ नाही, "प्रत्येक विषयाला एका रात्री जास्तीत जास्त ३० मिनिटं, एका दिवशी दोनपेक्षा जास्त मोठ्या टेस्ट नाहीत, सुट्टीत होमवर्क नाही" याला अर्थ आहे. टेस्टची मर्यादा मला तर होमवर्कच्या मर्यादेपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण मुलं रात्री उशिरापर्यंत जागतात ती रोजच्या कामामुळे कमी आणि एकाच आठवड्यात चार टेस्ट, दोन प्रोजेक्ट येऊन आदळल्यामुळे जास्त. शेअर्ड टेस्ट कॅलेंडर असलं की टीचरला टेस्ट लावायच्या आधी इतरांनी काय लावलंय ते दिसतं. मी म्हणत होते ती बेरीज बघणारी जागा हीच.

बाकी पटकन बघायच्या गोष्टी: एकूण मार्कांत होमवर्कला किती टक्के आहेत, उशिरा दिलं तर किती कापतात, आजारी पडलं तर राहिलेलं काम द्यायला किती दिवस देतात, आणि ऑनलाइन सबमिशनची डेडलाइन किती वाजता. डेडलाइन रात्री ११:५९ ची असेल तर मुलं ११:५९ पर्यंत जागी राहतात, संध्याकाळी आठची असेल तर आठला मोकळी होतात. छोटी गोष्ट वाटते, पण शाळेने झोपेचा विचार केलाय का नाही ते यातून कळतं.

एक लक्षात घ्या, काही देशांनी होमवर्कला सरकारी मर्यादा घातल्यात, चीनने २०२१ मध्ये कनिष्ठ माध्यमिकला लेखी होमवर्क दिवसाला ९० मिनिटांच्या वर नको असं ठरवलं, भारताच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत नववी ते बारावीला दिवसाला २ तासांपर्यंत असं म्हटलंय. पण पॉलिसी असणं वेगळं आणि तुमच्या समोरची प्रायव्हेट शाळा ती पाळते का हे वेगळं, त्यामुळे "नियमच आहे ना" म्हणून निर्धास्त राहू नका, त्या शाळेपुरतं विचाराच.

तिसरी स्टेप: कोणाला काय विचारायचं

ॲडमिशन ऑफिसमधली माणसं चांगली असतात, मदत करतात, पण ती स्वतः होमवर्क देत नाहीत आणि करतही नाहीत. त्यांच्याकडून कागद घ्या, भेटी ठरवून घ्या. खरी माहिती शिकणाऱ्या मुलांकडून मिळते आणि ती सुद्धा प्रश्न नीट विचारला तरच. "होमवर्क खूप असतो का" विचारलं की मुलं खांदे उडवतात. त्याऐवजी "काल शाळेतून घरी गेल्यावर काय काय केलंस, किती वाजता झोपलास" असं विचारा, काल घडलेलं कोणी घोळवून सांगत नाही. मग विचारा, मागच्या महिन्यातला सगळ्यात वाईट आठवडा कसा होता. शाळा टूर द्यायला आपली चुणचुणीत मुलं पुढे करते हे साहजिकच आहे, म्हणून टूर संपल्यावर गेटपाशी, ग्राउंडवर, बसच्या रांगेत उभ्या असलेल्या दोघातिघांशी पण बोला, आणि त्यात एखादं तरी अकरावीचं मूल असू द्या, कारण बऱ्याच शाळांत सगळ्यात जास्त लोड तिथे येतो आणि नववीच्या मुलाला तो अजून माहीतच नसतो.

टीचर भेटले तर विचारा, "तुमच्या विषयाला किती वेळ लागतो हे तुम्हाला कसं कळतं?" चांगली शाळा असेल तर टीचर सांगतात, आम्ही वर्षातून एकदोनदा मुलांना वेळ लिहायला लावतो, किंवा कामाच्या कोपऱ्यात लागलेली मिनिटं लिहायला सांगतो. आणि हे पण विचारा की एखादं मूल अर्धा तास प्रामाणिकपणे बसलं आणि काम संपलं नाही तर काय. "तिथे थांबायचं, पालकांनी सही करायची, उद्या बघू" असं उत्तर देणारी शाळा मी दहा ट्रॉफ्या असलेल्या शाळेच्या आधी धरेन.

प्रिन्सिपल किंवा कोऑर्डिनेटरना एकच प्रश्न पुरतो: सगळ्या विषयांचा मिळून लोड बघायची जबाबदारी कोणाची आहे? नाव सांगता आलं, म्हणजे अमुक ॲडव्हायझर (काही मुलांकडे लक्ष द्यायला नेमलेला टीचर) किंवा अमुक डीन, तर उत्तम. "सगळेच टीचर बघतात" म्हणाले तर बहुतेक कोणीच बघत नाही.

मुलाला एक दिवस शाळेत बसू देतात का तेही विचारा, पुष्कळ प्रायव्हेट शाळा देतात. त्या दिवशी मुलाला एवढंच बघायला सांगा की टीचर होमवर्क बेल वाजताना घाईत सांगतात का शांतपणे समजावून, वर्गातच सुरू करायला पाच-दहा मिनिटं देतात का, आणि कालचं काम परत आलं तेव्हा त्यावर काही लिहिलेलं होतं का. जे काम कोणी तपासत नाही ते काम मुलांचा वेळ खातं आणि विश्वास पण खातं.

शक्य असेल तर होमवर्कचे नमुने मागा, एका आठवड्याचे, नववी आणि अकरावीचे. एकाच प्रकारची ४० गणितं आहेत का वेगवेगळी ८ आहेत, धडा उतरवून काढायचाय का त्यावर विचार करायचाय, चार्ट रंगवण्यात दोन तास जाणार आहेत का. आता एआय टूल्स आल्यापासून काही टीचरनी निबंध वगैरे वर्गातच लिहून घ्यायला सुरुवात केलीय, त्याबद्दल शाळेचं धोरण काय हे पण विचारून घ्या, कारण त्याने घरचं काम बरंच बदलतं.

कोर्सची लेव्हल: इथे लोड ठरतो

एकाच शाळेत शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मुलांचा होमवर्क दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो, एक साध्या लेव्हलला, दुसरं पाच ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या लेव्हलचे) किंवा एपी (शाळेत असतानाच कॉलेजच्या लेव्हलचे) कोर्स घेतलेलं. म्हणून शाळेचा होमवर्क किती असं विचारण्यापेक्षा आपलं मूल कुठल्या लेव्हलला बसणार आणि ते कोण ठरवणार हे विचारा. काही शाळांत साधी लेव्हल ठेवलेलीच नसते, सगळेच ऑनर्स, तिथे लोड कमी करायला जागाच उरत नाही. काही शाळा वर्षाला किती ॲडव्हान्स्ड कोर्स घ्यायचे यावर मर्यादा घालतात, मला हे फार आवडतं, कारण मग शेजारच्याने सहा घेतले म्हणून आपण सात अशी चढाओढ सुरू होत नाही.

आयबी डिप्लोमा (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅम) असेल तर आधी त्याचा आकार समजून घ्या: सहा विषय, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलचे, शिवाय थिअरी ऑफ नॉलेज (आपल्याला जे माहीत आहे ते कसं कळतं यावरचा कोर्स), ४,००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा निबंध, सीएएस नावाचा उपक्रमांचा भाग, आणि प्रत्येक विषयाचं शाळेत होणारं मूल्यमापन वेगळंच. सुंदर प्रोग्रॅम आहे, पण दुसऱ्या वर्षात डेडलाइन्स एकावर एक येतात. तिथे विचारायचं की या डेडलाइन्स शाळेने पसरून लावल्यात का, आणि पूर्ण डिप्लोमा न घेता नुसते काही कोर्स घ्यायची सोय आहे का.

आणि सगळ्यात आधी विचारायचं, मधेच लेव्हल बदलता येते का, किती आठवड्यांपर्यंत, आणि बदलली तर रिपोर्टवर डाग राहतो का.

कमी होमवर्क दिसला म्हणून लगेच हो म्हणू नका

दक्षिण कोरियाचं उदाहरण बघा. त्याच पिसा सर्व्हेत तिथला होमवर्क आठवड्याला ३ तासांच्या आतच निघाला, पण तिथली मुलं शाळेनंतर रात्री उशिरापर्यंत प्रायव्हेट क्लासला बसतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. काम कमी झालं नव्हतं, ते दुसऱ्या इमारतीत गेलं होतं. तुमच्या समोरच्या शाळेत पण हेच असू शकतं, म्हणून मुलांना सहज विचारा, वर्गातले किती जण बाहेर ट्यूशन लावतात? निम्मा वर्ग लावत असेल तर त्या शाळेचा खरा लोड त्या ट्यूशनसकट मोजा, आणि खर्च पण तसाच मोजा.

दुसरी शक्यता म्हणजे वर्गात शिकवणंच सैल आहे. होमवर्क कमी आणि वर्ग भरगच्च, मुलं प्रश्न विचारतायत, लिहितायत, चुका तिथेच दुरुस्त होतायत, हे आपल्याला हवंय. होमवर्क कमी आणि वर्गात अर्धा वेळ मोबाईल, हे नकोय. एक दिवस वर्गात बसलं की फरक कळतो.

शिकायला वेगळी मदत लागत असेल तर

इथे घाईने फॉर्म भरू नका. प्रायव्हेट शाळांवर सपोर्ट द्यायची कायद्याची जबाबदारी सरकारी शाळांइतकीच असेल असं नाही, जागेनुसार नियम बदलतात, त्यामुळे तोंडी "हो हो, आम्ही सांभाळून घेतो" यावर जाऊ नका. होमवर्क कमी करून देतात का, म्हणजे २० ऐवजी १० गणितं आणि मार्क पूर्ण, का फक्त जास्त वेळ देतात, हे स्पष्ट विचारा. नुसता जास्त वेळ म्हणजे तेच काम आणखी उशिरापर्यंत, रोजच्या होमवर्कला तो उपाय नाही. कोण बघणार, किती टीचरना कळवणार, हे ॲडमिशनच्या आधी लेखी घ्या, ईमेल चालतो.

बोर्डिंगचा विचार असेल तर संध्याकाळचा सुपरव्हाइज्ड स्टडी अवर किती, त्या वेळी मदतीला कोणी असतं का, आणि लाइट्स आउट नंतर काम करू देतात का, हे विचारलं की बरंचसं समजतं.

निवडताना आणि निवडल्यावर

दोन-तीन शाळा उरल्या की प्रत्येकीसाठी एका साध्या दिवसाची आणि एका वाईट आठवड्याची संध्याकाळ लिहून काढा, प्रवास, प्रॅक्टिस, होमवर्क, झोप, सगळं वेळेसकट, आणि ते मुलापुढे ठेवा. जगायचंय त्याला. कधीकधी मूलच म्हणतं मला ही जड शाळाच हवी, कारण तिथला रोबोटिक्स किंवा म्युझिक प्रोग्रॅम त्याला मनापासून हवा असतो, मग त्याच्या बदल्यात काय सोडायचं तेही त्याच्याबरोबरच ठरवा.

सही करायच्या आधी फीचा करार वाचा, विशेषतः वर्षाच्या मधे शाळा सोडली तर किती फी परत मिळते. बऱ्याच ठिकाणी ठराविक तारखेनंतर पूर्ण वर्षाची फी द्यावीच लागते, आणि मग झेपत नसूनही पैसे अडकलेत म्हणून मूल तिथेच राहतं.

शाळा सुरू झाली की पहिले सहा आठवडे होमवर्कची वेळ लिहून ठेवा, विषय आणि मिनिटं, बाकी काही नाही. पहिले दोन आठवडे सगळंच जास्त लागतं, नवीन वर्ग, नवीन पोर्टल, ते सोडून द्या. तिसऱ्या आठवड्यापासूनही रोजचा आकडा तुमच्या कागदावरच्या मर्यादेच्या वर जात असेल तर पहिली टेस्ट बिघडायची वाट बघू नका, तो तक्ता घेऊन ॲडव्हायझरला भेटा. "होमवर्क फार आहे" या तक्रारीवर शाळा काही करू शकत नाही, पण "सायन्सला ठरल्याप्रमाणे ३० मिनिटं लागायला हवीत, रोज ७० लागतायत, बाकी विषय वेळेत होतात" यावर त्याच आठवड्यात काहीतरी करता येतं. कदाचित लेव्हल चुकली असेल, कदाचित नोट्स काढायची पद्धत, कदाचित सगळ्या वर्गाचंच तसं असेल आणि टीचरला कळलेलंच नसेल. लेव्हल बदलायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये आधीच टाकून ठेवा आणि ही भेट तिच्या किमान एक आठवडा आधी घ्या.